ब्रश चालत नाही, तेव्हा जाळी बघा

इचलकरंजीत माझ्याकडे संगणकावरचं शिल्पकाम शिकायला येणारी मुलं बहुतेक तीन प्रकारच्या घरांतली असतात. काही कुंभारांची, ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या गणपती घडतात. काही हुपरीच्या चांदीकामातली. पैंजणाच्या, जोडव्यांच्या नव्या नक्षीची डाई करण्याआधी त्यांना ती पडद्यावर करून बघायची असते. आणि काही शिरोलीकडच्या फौंड्र्यांना लाकडी पॅटर्न करून देणाऱ्यांची. हाताला वळण असलेली ही मुलं. शाडूचा गोळा समोर ठेवला तर बोलता बोलता सोंड, कान, पोट काढून दाखवतील. तीच मुलं संगणकापुढे बसली की लवकरच खचतात, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य येतं: "मॅडम, ब्रश चालंना झालाय."

या एका वाक्यामागे अनेक निरनिराळी कारणं असतात आणि त्यातलं क्वचितच एखादं त्या मुलाच्या कसबाशी संबंधित असतं. पण नवशिक्याला ते कळायचं कसं? मातीत बोट रुतलं नाही तर माती वाळली हे त्याला लगेच समजतं. पडद्यावर ब्रश रुतला नाही तर त्याला वाटतं, हे आपल्याच्यानं होणारं काम नव्हे. किती तरी चांगले हात या गैरसमजापायी मागे फिरतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून कुठं काय अडतं आणि का अडतं, हे जरा सविस्तर सांगते.

पडद्यावर दिसणारी माती भरीव नसते. ती एक पोकळ जाळी असते. असंख्य बिंदू, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि रेषांमध्ये ताणलेले छोटे छोटे चौकोन किंवा त्रिकोण. आपण पेननं ब्रश फिरवतो तेव्हा संगणक ब्रशच्या वर्तुळात आलेले बिंदू तेवढे हलवतो. बाकी काही करत नाही. हे समजवायला मला गावच्या धंद्याचा आधार पुरतो. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. तेव्हापासून इंचात उभे धागे किती आणि आडवे किती, म्हणजे रीड किती आणि पीक किती, हा इथल्या रोजच्या बोलण्यातला हिशेब आहे. विरळ कापडावर बारीक नक्षी उठत नाही, हे इथल्या पोरांना सांगावं लागत नाही. जाळीचंही तसंच. तिची वीण जेवढी दाट, तेवढाच बारकावा तिच्यात मावणार.

ब्लेंडर हा प्रोग्रॅम उघडला की समोर दोन मीटरचा एक घन दिसतो. त्याला बिंदू फक्त आठ, आठ कोपऱ्यांचे. नवीन मुलगा उत्साहानं त्याच्या मधोमध ब्रश फिरवतो. तिथं हलवायला एकही बिंदू नाही, मग उठणार काय? ब्रश बंद पडलेला नसतो, त्याला धरायला काही मिळत नसतं. अशा वेळी नवी फाइल उघडताना 'स्कल्प्टिंग' हा पर्याय निवडावा. दाट जाळीचा गोळा आयता मिळतो. किंवा आहे त्या वस्तूची जाळी नव्यानं विणून घ्यावी. याला रीमेश म्हणतात, आणि शिकाऊ माणसाच्या निम्म्या अडचणी या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात, म्हणून इथं थोडं रेंगाळते.

आधी ब्लेंडरविषयी दोन शब्द, कारण आमच्याकडच्या मुलांना हे काम परवडतं ते त्याच्यामुळे. टॉन रोझेनडाल या डच माणसाची कंपनी बंद पडली तेव्हा प्रोग्रॅमचे हक्क सोडवून घ्यायला एक लाख युरो हवे होते. २००२ साली जगभरच्या लोकांनी वर्गणी काढून सात आठवड्यांत ते जमवले आणि १३ ऑक्टोबर २००२ ला ब्लेंडर सगळ्यांसाठी खुला झाला. आजही त्याला पैसे पडत नाहीत. मात्र त्यातलं शिल्पकाम खऱ्या अर्थानं हाताला बसण्याजोगं झालं ते बरंच पुढे. नोव्हेंबर २०१९ मध्ये २.८१ ही आवृत्ती आली, तिच्यात व्हॉक्सेल रीमेश आला, आणि मातीच्या सवयीच्या माणसाला तिथं पाय ठेवायला जागा झाली.

व्हॉक्सेल म्हणजे बारीक घन. रीमेश करताना संगणक आपली आकृती अशा घनांत मोजतो, जुनी जाळी फेकून देतो आणि मोजलेल्या आकारावर सगळीकडे सारख्या विणीची नवी जाळी चढवतो. घन केवढा हवा ते आपण सांगायचं. इथंच मोठा घोटाळा होतो. दोन मीटरच्या त्या घनाला ०.१ मीटरचा व्हॉक्सेल दिला तर एका बाजूवर वीस गुणिले वीस, सहा बाजू मिळून सुमारे २,४०० चौकोन होतात. व्हॉक्सेल निम्मा, म्हणजे ०.०५ केला की ९,६००. ०.०१ ला २ लाख ४० हजार. आणि "बारीक काम पायजे" म्हणून कुणी ०.००१ लिहून कंट्रोल-आर दाबलं, तर २ कोटी ४० लाख. आकडा निम्मा झाला की चौकोन चौपट होतात, हे मनात बसलं नाही तर साधा लॅपटॉप गपकन थांबतो. मुलं म्हणतात, "हँग मारतंय." प्रोग्रॅम वाईट नाही, त्याला एका दमात अडीच कोटी चौकोन विणायला सांगितलेत. पडद्यावर 'स्टॅटिस्टिक्स' चालू ठेवण्याची सवय मी पहिल्याच दिवशी लावते. कोपऱ्यात चौकोनांची संख्या दिसत राहते, आणि ती बघत बघत व्हॉक्सेल थोडा थोडा कमी करायचा.

याच्या नेमकं उलटही होतं. मूर्ती वीतभराचीच करायची म्हणून कुणी आकृती २० सेंटिमीटरवर आणतो आणि व्हॉक्सेल मूळचा ०.१ मीटर, म्हणजे १० सेंटिमीटर तसाच ठेवून रीमेश करतो. अख्ख्या गणपतीचं ओबडधोबड ढेकूळ होतं. मुलगा पांढराफटक पडतो. कंट्रोल-झेड दाबावं, गणपती परत येतो. मग व्हॉक्सेल आकृतीच्या मापाला शोभेल असा द्यावा.

रीमेश आणखी दोन ठिकाणी फसवतो. तो घनांत मोजत असल्यामुळे, दोन भागांमधली फट घनापेक्षा अरुंद असेल तर ते भाग एकमेकांना चिकटतात. अभयमुद्रेतल्या हाताची बोटं एकजीव होतात ती यामुळे. आणि एखादा भाग घनापेक्षा पातळ असेल तर तिथं भोकं पडतात. गणपतीच्या कानाची कड बहुधा पहिली जाते. म्हणून कान आधी चांगले जाड ठेवावेत, बोटं सुटी सुटी पसरून करावीत, आणि पातळ करण्याचं काम रीमेश पुन्हा करायचा नसेल तेव्हा, शेवटी करावं. शाडूत काम केलेल्या मुलांना ही शिस्त नवी नसते. कानाची पाळी शेवटी पातळ करायची हे त्यांनी घरात बघितलेलं असतं, पडद्यासमोर बसल्यावर तेवढं आठवत नाही.

सोंडेची तक्रार वेगळी. गोळ्याला ग्रॅब किंवा स्नेक हुक ब्रशनं धरून ओढलं की सोंड झकास निघते, पण तिच्यावर वळ्या काढायला गेलं की काहीच उमटत नाही, किंवा कोनेदार चरे पडतात. कारण ओढताना बिंदू वाढत नाहीत. तेच चौकोन ताणले जाऊन लांबट होतात आणि सोंडेवरची वीण विरळ होते. ओढून झालं की रीमेश करावा, मग वळ्या काढाव्यात. डायनटोपो नावाची सोयही आहे. ती चालू असली की जिथं ब्रश फिरेल तिथंच लागतील तसे नवे त्रिकोण तयार होतात. मी ती सुरुवातीला देत नाही. मुलं एका डोळ्याच्या पापणीवर जाळी एवढी दाट करून ठेवतात की उरलेला चेहरा तिच्यापुढे उघडा पडतो.

इथं माझं एक ठाम मत सांगते. नवशिक्यांच्या शिल्पावर जे गोळे, टेंगळं आणि जी थरथर दिसते, ती थरथर हाताची नसते. ती वीण फार लवकर दाट केल्याची खूण असते. दहा लाख चौकोनांवर पोटाचा गोल आकार काढायला गेलं तर पेनाचा प्रत्येक लहानसा हेलकावा तिथं नोंदला जातो. तेच पोट तीन-चार हजार चौकोनांवर मोठ्या ब्रशनं काढलं तर दोन फटकाऱ्यांत गुळगुळीत येतं. आधी बैठक, पोट, मस्तक, सोंडेचा झोक. हे सगळं विरळ जाळीवर, लांबून बघत. ते पटेपर्यंत मुकुटाच्या मण्याला हात लावायचा नाही. या एका नियमावर मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

आता आरशाची अडचण. चेहरा करताना सिमेट्री चालू असते. डावीकडे केलेलं उजवीकडे आपोआप होतं. वेळ निम्मा वाचतो. पण गणपतीची सोंड बहुतेक डावीकडे वळलेली, एक दात अखंड, एक तुटका. म्हणजे आपला हा देव मुळातच दोन्हीकडे सारखा नाही. तेव्हा कुठपर्यंत आरसा ठेवायचा आणि कुठं काढायचा, हे आधी ठरवावं लागतं. मस्तक, कान, डोळे, गंडस्थळ आरशात करावं. सोंड समोर सरळ लोंबती ठेवून तिची जाडी आणि वळ्याही आरशातच उरकाव्यात. मग आरशाचा एक्स बंद करून सोंड वळवावी. वळवल्यावर पुन्हा आरसा चालू करून डोळा सुधारायला गेलं तर डोळ्यांचं जमेल, पण ब्रश चुकून सोंडेपाशी घसरला तर त्याची सावली नको तिथं उमटेल.

कधी कधी आरसा चालू असूनही दुसरा डोळा भलतीकडेच, गालाबाहेर उमटतो. याचं कारण वस्तूच्या मूळबिंदूत असतं. आरसा त्या बिंदूतून उभा असतो. कुणी 'ओरिजिन टू जॉमेट्री' दाबलेलं असतं, आणि सोंड डावीकडे गेल्यामुळे आकृतीचा मध्य सरकून मूळबिंदूही नाकाच्या रेषेवरून हललेला असतो. तो पुन्हा मध्यरेषेवर आणला की डोळा जागेवर उमटतो.

ब्रश लांबट उमटणं ही तिसरी ठरलेली तक्रार. गोळा घेतला, पोटासाठी तो एका दिशेला ताणला आणि लगेच ब्रश हातात घेतला, असं झालेलं असतं. आपल्याला तो लंबगोल दिसतो, पण प्रोग्रॅमच्या हिशेबी तो अजून गोलच आहे, फक्त वरून ताण दिलेला. त्यामुळे ब्रशही ताणला जातो आणि रीमेशचे चौकोनही. ऑब्जेक्ट मोडमध्ये जाऊन कंट्रोल-ए दाबावं आणि 'स्केल' निवडावं, म्हणजे तो ताण कायमचा आकृतीत मुरतो. यासाठी मुलांनी संध्याकाळभर डोकं धरून बसलेलं मी पाहिलंय, आणि उपाय दोन कळांचा.

बाकीची कारणं भराभर सांगते. शिल्पाच्या एखाद्याच भागावर ब्रश चालत नसेल तर तिथं मास्क राहिलेला असतो; तो गडद दिसतो, पण खूप फिका असेल तर लक्षात येत नाही. ऑल्ट-एमनं पुसावा. एखादा भाग गायबच झाला असेल तर तो बहुधा लपवला गेलाय. ऑल्ट-एचनं परत येतो. ब्रशनं फुगायच्या ऐवजी खड्डा पडत असेल तर जाळीची बाहेरची बाजू आत झालेली असू शकते. एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट-एन दाबावं. कानाच्या पुढच्या बाजूला काम करताना मागची बाजू फाटत असेल तर ब्रशच्या सेटिंगमध्ये 'फ्रंट फेसेस ओन्ली' चालू करावं. पेन दाबलं काय, न दाबलं काय, रेघ एकाच जाडीची येत असेल तर पेन टॅब्लेटचा ड्रायव्हर तपासावा. तो ठीक असेल तर ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये इनपुटखाली टॅब्लेटसाठी विंडोज इंक आणि विनटॅब असे दोन मार्ग दिसतात. एक चालत नसेल तर दुसरा लावून बघावा. जवळ जाता जाता मूर्ती कापल्यासारखी आतून दिसू लागली तर ती मोडलेली नसते. व्ह्यूमधलं 'क्लिप स्टार्ट' कमी करावं.

झेडब्रश वापरणाऱ्यांची पहिली अडचण मात्र त्यांच्याच प्रोग्रॅमची. गोळा निवडला, पडद्यावर ओढला, पुन्हा पेन टेकवला की दुसरा गोळा, मग तिसरा. फिरवायला जावं तर एकही फिरत नाही. याला कारण त्या प्रोग्रॅमचा जन्म आहे. १९९९ साली झेडब्रश लोकांपुढे आला तो चित्रकामाचा प्रोग्रॅम म्हणून. त्याच्या कॅनव्हासवरच्या प्रत्येक ठिपक्याला रंगाबरोबर खोलीही होती. ती चित्राची रीत अजून आत आहे. म्हणून ओढलेली वस्तू लगेच 'एडिट' मध्ये घ्यावी लागते, टी दाबून. न घेता पुढे गेलात तर ती चित्राचा भाग होऊन बसते. तेव्हा कंट्रोल-एन दाबून कॅनव्हास पुसावा आणि नव्यानं ओढून टी दाबावं. जतन करतानाही हेच भान हवं. 'डॉक्युमेंट' जतन केलं तर हाती चित्र राहतं, शिल्प नाही. शिल्पासाठी 'टूल' किंवा पूर्ण 'प्रोजेक्ट' जतन करावा.

ज्यांच्याकडे संगणकच नाही त्यांना मी मोबाइल किंवा टॅबवर नोमॅड स्कल्प्ट घ्यायला सांगते. २०२० मध्ये आलेला हा ॲप एकट्या स्तेफान जिनिये या माणसानं लिहिला आहे. व्हॉक्सेल, मास्क, सिमेट्री, सगळं त्यात आहे, आणि वर सांगितलेल्या बहुतेक अडचणीही तशाच आहेत, तेव्हा तिथं शिकलेलं वाया जात नाही.

जतन करण्यावरून आठवलं. वीज जायला वेळकाळ नसतो, आणि जुन्या डेस्कटॉपला बॅटरी नसते. दर मोठ्या टप्प्यानंतर फाइल नव्या नावानं ठेवावी: बैठक, मस्तक, सोंड, दागिने. फाइल बिघडली तर त्याच फोल्डरमध्ये शेवटी १ लागलेली तिची आधीची प्रत ब्लेंडर ठेवत असतो, ती उघडून बघावी. हे माहीत नसल्यामुळे रडवेली झालेली मुलं बघवत नाहीत.

एक अडचण मुलं स्वतः कधीच सांगत नाहीत, कारण ती त्यांना दिसत नाही. पडद्यावर सुंदर दिसणारा चेहरा थ्रीडी प्रिंटरवर छापून हातात आला की चपटा वाटतो. आपण काम करताना पडद्याच्या आतल्या कॅमेऱ्यातून बघत असतो. ब्लेंडरमध्ये त्याची फोकल लेंग्थ मुळात ५० मिलिमीटर असते, आणि आपण चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊन काम करतो. जवळचं नाक मोठं दिसतं, म्हणून मूल ते नकळत लहान करत जातं. चेहरा करताना हा आकडा ८०-१०० च्या आसपास ठेवावा. मधूनमधून नंबरपॅडवरचा ५ दाबून सरळ नजरेनं बघावं, आणि मूर्ती सतत फिरवत राहावी. मातीत काम करणारा फिरकीचा पाट फिरवतो तो याचसाठी. मॅटकॅप, म्हणजे शिल्पावर चढवलेला तयार उजेड, हाही बदलून बघावा. काही मॅटकॅप एवढे गोजिरे असतात की सगळे दोष झाकून टाकतात.

आणि वजन. कोल्हापुरात कावळा नाक्यावर महाराणी ताराराणींचा पुतळा आहे, रवींद्र मेस्त्रींनी केलेला. घोड्याचे पुढचे पाय हवेत. मी मुलांना तो मुद्दाम बघायला लावते आणि विचारते, एवढं धातूचं वजन नेमकं कुठं उभं आहे ते शोधा. पडद्यावर गुरुत्वाकर्षण नसतं. एका पायाच्या अंगठ्यावर नाचणारा गणपती तिथं खुशाल उभा राहतो. छापल्यावर आडवा होतो. पोटाचा भार बैठकीच्या आत पडतो का, हे बाजूनं आणि वरून बघितल्याशिवाय मी कुणाची फाइल छपाईला जाऊ देत नाही.

छपाईच्या फाइलची गंमत अशी की एसटीएल या प्रकारात माप असतं, पण एकक नसतं. ब्लेंडर मीटरमध्ये मोजतो, छपाईचे प्रोग्रॅम तो आकडा मिलिमीटर समजतात. १५ सेंटिमीटरची, म्हणजे ०.१५ मीटरची मूर्ती तिकडे ०.१५ मिलिमीटरची होते आणि पट्टीवर ठिपकाही दिसत नाही. एक्सपोर्ट करताना स्केल १००० द्यावं. जाळीला कुठं भोक नाही ना, मुकुट मस्तकात नुसता खुपसलेला नसून एकजीव झालाय ना, तेही तेव्हाच तपासावं. शेवटचा एक रीमेश ही दोन्ही कामं करतो, फक्त कानाच्या पाळीकडे लक्ष ठेवून. आणि बारकावा किती खोल काढायचा हे यंत्र विचारून ठरवावं. प्लास्टिकच्या तारेच्या साध्या प्रिंटरचं तोंड बहुधा ०.४ मिलिमीटरचं असतं. त्याहून बारीक मणी पडद्यावर कितीही देखणा असला तरी छपाईत येणार नाही. साचाच करायचा असेल तर मणी थोडे ठसठशीत, त्यांच्यामधली फट थोडी रुंद ठेवावी, कारण रबराचा साचा आणि मूर्तीवरचा रंग दोन्ही बारकावा थोडा थोडा खातात. हुपरीच्या मुलांसाठी मात्र आम्ही रेझिनवर छापून घेतो. पैंजणाची कडी तिथं टोकापर्यंत उठते.